तिरकस रेघेच्या आधी

दोन गुणोत्तरे समान असली की पहिल्याचा अंश आणि दुसऱ्याचा छेद यांचा गुणाकार हा पहिल्याचा छेद आणि दुसऱ्याचा अंश यांच्या गुणाकाराइतकाच येतो. अ/ब = क/ड असेल तर अड = बक. शाळेत याला तिरकस गुणाकार म्हणतात. चारपैकी तीन संख्या माहीत असल्या की चौथी काढायला याहून जवळची वाट नाही, म्हणून मुलांच्या हातात ही रीत लवकर बसते. इतकी लवकर, की ती का चालते हे विचारायचे राहूनच जाते.

कारण अगदी साधे आहे. अ/ब = क/ड या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ब आणि ड या दोन्ही छेदांनी गुणावे. डावीकडे ब छेदाशी कटतो आणि अड उरते. उजवीकडे ड कटतो आणि बक उरते. म्हणजे काहीही बरोबरच्या चिन्हावरून उडी मारून पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया होते आणि मधल्या दोन पायऱ्या लिहायच्या गाळल्या जातात. अ, ब, क, ड प्रमाणात असतील तर आद्यंत पदांचा गुणाकार मध्यपदांच्या गुणाकाराएवढा असतो, हे जुने वाक्य नेमके हेच सांगते. युक्लिडनेही भूमितीच्या भाषेत हे सिद्ध करून ठेवले आहे.

बीजगणितात या रीतीचा खरा उपयोग अज्ञात राशी छेदात अडकलेली असते तेव्हा होतो. (२क्ष + १)/(क्ष + ४) = ३/२ हे समीकरण पाहताक्षणी रेषीय वाटत नाही. तिरकस गुणाकार केला की २(२क्ष + १) = ३(क्ष + ४), म्हणजे ४क्ष + २ = ३क्ष + १२ आणि क्ष = १०. ताळा: २१/१४ म्हणजे ३/२. येथे कंसाला फार महत्त्व आहे. कंस न घालता २ ने केवळ पहिले पद गुणणे ही या प्रकारच्या उदाहरणांतली सर्वांत जुनी चूक असावी.

कधी कधी गुणाकाराआधी गुणोत्तराचे रूप बदलून घेतलेले बरे. इयत्ता नववीच्या ‘गुणोत्तर व प्रमाण’ या प्रकरणात व्यस्त क्रिया, एकांतर क्रिया, योग क्रिया, वियोग क्रिया अशी नावे पाठ करावी लागतात आणि विद्यार्थी त्यांना वैतागतात. पण (३क्ष + ५)/(३क्ष − ५) = ४/१ यावर योग-वियोग क्रिया केली की ६क्ष/१० = ५/३ असे दोन आकड्यांचे काम उरते; क्ष = २५/९. थेट तिरकस गुणाकारानेही उत्तर हेच येते. वरच्या आणि खालच्या पदांत बेरीज-वजाबाकीची अशी जोडी दिसली तर ही क्रिया वापरावी, नाही तर तिच्या वाटेला जाऊ नये.

या रीतीचे भारतीय घराणे त्रैराशिकाचे आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त त्रैराशिकाचा नियम दिला, ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात तो अकरा राशींपर्यंत वाढवला. अल-बिरुनीने हिंदूंच्या या राशिकांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. तो पुढे हैदराबादेत छापला गेला. मराठी वाचकाच्या मनात मात्र त्रैराशिक म्हटले की भास्कराचार्यच येतात. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला आणि आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असल्याचे सांगून ठेवले. ते गाव कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काहींनी ते कर्नाटकात विजापूरकडे नेले, काहींनी चाळीसगावजवळच्या पाटणला. नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख पाटणलाच आहे. आणखी काही अभ्यासक विज्जडविड म्हणजे बीड असे मानतात. नावाचे साम्य मोहात पाडणारे असले तरी तेवढ्यावर निकाल देता येत नाही. बीड जिल्ह्याला भास्कराचार्यांवर हक्क सांगता येवो न येवो, त्यांनी मांडलेल्या हिशेबावर या जिल्ह्याचे व्यवहार आजही चालतात, एवढे पुढे दिसेल.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातली त्रैराशिकाची मांडणी आजच्या मांडणीहून वेगळी आहे आणि तो फरक मोलाचा आहे. भास्कराचार्य आधी प्रत्येक राशीला नाव देतात: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. त्या दोन टोकांना लिहायच्या. फल वेगळ्या जातीचे, ते मध्ये. मग फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचे की इच्छाफल मिळते. त्यांचे पहिलेच उदाहरण केशराच्या भावाचे आहे. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? प्रमाण ३/७ निष्क, फल ५/२ पळे, इच्छा ९ निष्क. ५/२ गुणिले ९ म्हणजे ४५/२. त्याला ३/७ ने भागले की ३१५/६, म्हणजे साडेबावन्न पळे. सुरुवातीलाच दोन अपूर्णांक घालून विद्यार्थ्याची परीक्षा पाहण्याची ही भास्कराचार्यांची खोड पुस्तकभर टिकते.

आजचा विद्यार्थी हेच (३/७)/(५/२) = ९/क्ष असे लिहील आणि तिरकस गुणाकाराची फुली मारील. उत्तर तेच येईल. मात्र जुन्या मांडणीत निष्क कोणते आणि पळे कोणती हे ठरवल्याशिवाय पहिला आकडासुद्धा पाटीवर उतरत नव्हता. नव्या मांडणीत चार घरे रिकामी असतात आणि ती कशीही भरता येतात. तिरकस गुणाकारात चुकलेली बहुतेक उत्तरे गुणाकारात चुकत नाहीत. आकडे चुकीच्या घरात पडलेले असतात.

पाच राशींच्या हिशेबात, म्हणजे पंचराशिकात, तर फुलीचे मूळच सापडते. महिन्याला शंभरावर पाच व्याज, तर वर्षाला सोळांवर किती, असा ‘लीलावती’तला प्रश्न आहे. (महिना शेकडा पाच, म्हणजे सालाना साठ टक्के, भास्कराचार्य हा दर अगदी सहज घेतात.) दोन स्तंभ मांडायचे. डावीकडे १ महिना, १०० मुद्दल, ५ व्याज; उजवीकडे १२ महिने, १६ मुद्दल आणि व्याजाची जागा रिकामी. आता नियम असा, की फल एका पक्षातून दुसऱ्या पक्षात न्यावे आणि अपूर्णांक असतील तर त्यांचे छेदही असेच अदलाबदल करावेत. पाच उजवीकडे गेले. ज्या बाजूला राशी जास्त, तिकडचा गुणाकार १२ × १६ × ५ = ९६०; त्याला कमी राशींच्या बाजूच्या १०० ने भागले की ९ पूर्णांक ३/५. फल पलीकडे नेणे हीच तिरकस गुणाकारातली तिरकी चाल. याच पद्धतीने सात, नऊ आणि अकरा राशींचे हिशेब होतात आणि वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याचा, भांडप्रतिभांडाचा, हिशेबही होतो. विष्णूने जसे जग व्यापले आहे तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, या आशयाचे भास्कराचार्यांचे विधान आहे. त्यात भक्ती आहे तशी व्यवसायाची कबुलीही आहे. कल्पाच्या एकूण दिवसांत ग्रहाचे इतके भगण, म्हणजे फेरे, होतात, तर आजवरच्या दिवसांत किती, हे मध्यम ग्रह काढण्याचे गणित म्हणजे प्रचंड आकड्यांचे त्रैराशिकच असते.

प्रमाणाच्या गणिताचा बीड जिल्ह्यातला एक जुना सराव आता विस्मृतीत गेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे नाणे वेगळे होते, हाली शिक्का. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजी अमलाखाली. तिथे कलदार रुपया चाले. १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा सरकारी दर होता. हा आकडा जिवावर येणारा दिसतो, पण १० आणे ८ पै म्हणजे रुपयाचे दोन तृतीयांश. तेव्हा दर झाला ३५०/३ ला १००, म्हणजे ७ ला ६. सात हाली म्हणजे सहा कलदार. आष्टी-पाटोद्याकडून नगरच्या बाजारात जाणाऱ्याला एवढे गुणोत्तर पुरे होते. ४२ कलदारांचा बैल हालीत कितीला पडला? क्ष/४२ = ७/६; ६क्ष = २९४; ४९ रुपये. उलट ३५ हाली नेले तर क्ष/३५ = ६/७ म्हणजे ३० कलदार. येथे फुली मारण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: आकडा वाढणार की घटणार? कलदार भारी, म्हणून हालीत आकडा मोठाच दिसला पाहिजे. ४२ चे ३६ झाले तर गुणोत्तर उलटे मांडले गेले, हे पुन्हा गुणाकार न करताच कळते.

आकडा वाढणार की घटणार, हाच प्रश्न समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण यांना वेगळे करतो. एक राशी दुप्पट झाल्यावर दुसरी दुप्पट होत असेल तर समप्रमाण. दुसरी निम्मी होत असेल तर व्यस्त. व्यस्त प्रमाणात स्थिर राहतो तो गुणाकार, भागाकार नव्हे. म्हणून तेथे फुलीऐवजी सरळ ओळीत गुणावे लागते. भास्कराचार्यांनी व्यस्त त्रैराशिकासाठी जी क्षेत्रे नेमून दिली त्यांत सोन्याचा कस आणि वजन आहे, धान्याच्या राशीचे लहान-मोठे माप आहे आणि वयानुसार घटणारी सजीवांची किंमतही आहे. शेवटच्या प्रकारातले एक उदाहरण सोळा वर्षांच्या मुलीच्या विक्रीचे आहे. ३२ निष्क ही तिची किंमत, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असा प्रश्न आहे आणि उत्तर २५ पूर्णांक ३/५ निष्क. गणित निर्दोष आहे. माणूस विकला जात होता हे त्या काळच्या गणिताच्या पुस्तकात इतक्या सहज येते, याची नोंद वाचकाने आपल्यापुरती करावी.

बीडमध्ये व्यस्त प्रमाणाचा जिवंत हिशेब ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसे मोजण्याचे एककच येथे अपूर्णांक सोसणारे आहे. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामात टनावारी तोड करून ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. फेडायची रक्कम तीच, म्हणून दर आणि टन व्यस्त प्रमाणात. जुन्या दराने लाखाला किती टन तोडावे लागत? १,००,००० भागिले २७३, म्हणजे ३६६ टन. नव्या दराने? १,००,००० भागिले ३६६, म्हणजे २७३ टन. दोन आकड्यांनी नुसती जागा बदलली. २७३ गुणिले ३६६ हा गुणाकार ९९,९१८ येतो, लाखाच्या अगदी जवळ. म्हणून ही गंमत घडते. व्यस्त प्रमाण समजावून सांगायला याहून नेटका दाखला शोधूनही मिळणार नाही, आणि तो जिल्ह्याच्या अंगणातला आहे.

आता दिवस काढावेत. एक कोयता रोज दोन टन तोडतो असे धरले, तर ३६६ टनांना १८३ दिवस आणि २७३ टनांना सुमारे १३७ दिवस. गाळप हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा. म्हणजे जुन्या दराने लाखाची उचल या गतीने एका हंगामात फिटतच नव्हती आणि उरलेली बाकी पुढच्या साली डोक्यावर येत होती. नव्या दराने ती जेमतेम फिटते, तीही रोजचा खर्च शून्य धरला तर. वर हे सारे गणित कोयता रोज चालला या गृहीतावर उभे आहे. पावसाने फड बंद राहिला, बाईला ताप आला, गाडी वेळेवर रिकामी झाली नाही, तर खाडा पडतो. खाड्याच्या दिवशी टन शून्य आणि तोटा मात्र शून्य नाही. प्रमाणाच्या समीकरणात खाड्याला घर नाही. तो वेगळे पद म्हणून वजा करावा लागतो, आणि वजाबाकी आत आली की नाते प्रमाणाचे राहत नाही.

तिरकस गुणाकाराची बीजगणितातली एक अटही येथेच सांगितलेली बरी. क्ष/२ + ३ = ५/४ अशा समीकरणात डावीकडे एकच गुणोत्तर नाही, म्हणून क्ष × ४ = २ × ५ असे करून ३ ला विसरता येत नाही. आधी डावी बाजू (क्ष + ६)/२ अशी एका छेदाखाली आणायची, मग फुली. खाड्यापोटी मजुरीतून वजा होणारी रक्कम आणि समीकरणातला हा ३ एकाच जातीचे आहेत.

गुणोत्तर लहान चुकीला मोठे कसे करते, हे पैसेवारीत दिसते. पूर्वी आणेवारी म्हणत. सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे आले, तत्त्व तेच राहिले. गावातल्या पिकाचे हेक्टरी प्रत्यक्ष उत्पन्न आणि हेक्टरी प्रमाण उत्पन्न यांचे गुणोत्तर शंभराच्या मापात सांगायचे. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी अशा टप्प्यांनी ती जाहीर होते आणि ५० पैसे ही दुष्काळाची रेघ मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. दुष्काळ ठरवायला आता पाऊस, जमिनीतली ओल आणि वनस्पतींची स्थिती असे निकषही लागले आहेत, तरी गावात पैसेवारी किती आली हे विचारले जातेच.

समजा, शेतात १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखून सोयाबीन कापले आणि प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२०० किलो धरले आहे. तुकडा ५० चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चौरस मीटरचा. तुकड्यात ३ किलो निघाले तर ३/५० = क्ष/१०,०००; क्ष = ६०० किलो; पैसेवारी नेमकी ५०. तुकड्यात २ किलो ९०० ग्रॅम निघाले तर ५८० किलो आणि पैसेवारी ४८.३, ३ किलो १०० ग्रॅम निघाले तर ६२० किलो आणि ५१.७. एकुणात दोनशे ग्रॅमचा फरक, ओंजळभर दाणे, आणि गाव रेघेच्या इकडून तिकडे. गुणोत्तराने तुकड्याला दोनशे पट केले तसे तुकड्यातल्या चुकीलाही दोनशे पट केले. तिरकस गुणाकार दोन्हींत भेद करत नाही. म्हणून तुकडा कुठे आखला, बांधाजवळ की मधोमध, विहिरीखालच्या रानात की माळावर, यावरचे गावातले वाद गणिताच्या दृष्टीने अगदी रास्त आहेत.

बीजगणिताच्या बाजूने आणखी एक सावधगिरी उरते. दोन्ही बाजूंना छेदांनी गुणताना छेद शून्य नाही असे गृहीत धरलेले असते. क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) येथे डोळे मिटून फुली मारली तर क्ष(क्ष − २) = २(क्ष − २), म्हणजे (क्ष − २)² = ० आणि क्ष = २. हे उत्तर मूळ समीकरणात घातले की दोन्ही छेद शून्य होतात. समीकरणाला उकल नाही. आलेली उकल गुणाकाराने जन्माला घातलेली आहे. क्ष/४ = ९/क्ष येथे उलट प्रकार होतो. क्ष² = ३६ वरून ६ आणि −६ ही दोन्ही उत्तरे समीकरणाला चालतात, पण क्ष ही लांबी किंवा वजन असेल तर एक टाकावे लागते. ४ आणि ९ यांचे मध्यम प्रमाणपद विचारले की पुस्तक ६ एवढेच उत्तर देते ते यामुळे. असमानतेत, म्हणजे बरोबरच्या जागी लहान-मोठ्याचे चिन्ह असेल तर, छेद ऋण आहे की धन हे पाहिल्याखेरीज ही रीत वापरूच नये. ऋण छेदाने गुणले की चिन्ह फिरते.

प्रमाण कुठवर खरे मानायचे हे काही वेळा कायद्यानेच ठरवलेले असते. उसाच्या एफआरपीत, म्हणजे रास्त व किफायतशीर दरात, याचा स्वच्छ नमुना आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३.४६ रुपये जास्त. ३.४६ कुठून आले? १०.२५ टक्क्यांत ०.१ टक्के १०२.५ वेळा येतात, ३५५/१०२.५ = ३.४६. म्हणजे दर आणि उतारा थेट समप्रमाणात ठेवले आहेत. ११ टक्के उताऱ्याच्या उसाला क्ष/११ = ३५५/१०.२५, तिरकस गुणाकाराने १०.२५क्ष = ३९०५ आणि क्ष = ३८०.९८ रुपये. वाढीच्या रीतीने साडेसात पायऱ्या गुणिले ३.४६, म्हणजे २५.९५ मिळवले तर ३८०.९५. तीन पैशांचा फरक पूर्णांकनाचा. महाराष्ट्रात या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती उरलेले येते. तेथे पुन्हा वजाबाकी आली.

उतारा खाली गेला तर दरही याच प्रमाणात घटतो, पण ९.५ टक्क्यांपर्यंतच. ९.५ ला ३५५ मधून साडेसात पायऱ्या उतरल्या की ३२९.०५ रुपये होतात आणि त्याखाली कपात नाही. आलेखावर काढले तर ९.५ च्या उजवीकडे चढती रेघ, डावीकडे आडवी. ९ टक्के उताऱ्याचा भाव कोणी क्ष/९ = ३५५/१०.२५ असे मांडून काढला तर ३११.७१ रुपये येतील. गुणाकार बरोबर असेल, ताळाही जुळेल, आणि तरी तो आकडा कुठल्याही बिलावर येणार नाही. त्या हंगामाच्या बिलावर ३२९.०५ हाच आकडा असतो.